नऊ वर्षांच्या मुलीला ‘ॲक्टिंगच’ करायचीय. तिला नक्की काय हवंय, हे कसं ओळखायचं?

रामबागवाली_आई :

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. आम्ही इंदूरचे. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. गणेशोत्सवात मंडळानं बसवलेल्या बालनाट्यात तिला चार वाक्यं होती. तेव्हापासून एकच घोषा चाललाय, ‘मला टीव्हीत काम करायचंय.’ संध्याकाळी आरशासमोर उभी, नाहीतर फोनवर गाण्यांना ओठ हलवत रील्स. मुंबईचा एक कोऑर्डिनेटर फोनवर म्हणतो की पोर्टफोलिओ (फोटोंचा संच) आणि रजिस्ट्रेशनचे मिळून पंचवीस हजार भरा, ऑडिशन मी लावून देतो. तिचे बाबा नको म्हणतात. आजी म्हणतात, हौस आहे तर करू द्या.

मला पैशांच्या आधी दुसरं काही समजून घ्यायचंय. तिला हे आतून हवंय, टाळ्यांसाठी हवंय, की मैत्रिणींचं बघून? विचारलं की ‘आवडतं म्हणून’ एवढंच सांगते. आणि टाळ्यांसाठीच हवं असेल तर थांबवावं का? जाणकारांनी नीट सांगावं.

विंगेतून :

ताई, ‘का करायचंय’ याच्या आधी ‘काय करायचंय’ ते शोधा. या वयाच्या मुलांच्या तोंडी ‘ॲक्टिंग’ या एका शब्दात बऱ्याच गोष्टी कोंबलेल्या असतात. एकीला दुसरंच कुणीतरी बनायचं असतं, म्हातारी, वाघ, भाजीवाला. दुसरीला सगळ्यांनी आपल्याकडे बघायला हवं असतं. तिसरीला तालमीतला कंपू हवा असतो, डबे उघडून एकत्र खाणं, विंगेत एकमेकींना चिमटे काढणं. चौथीला आपलं पाठांतर किती चोख आहे ते दाखवायचं असतं. वाक्य मात्र चौघींचं एकच, ‘मला ॲक्टिंग करायचीय.’

प्रयोगाच्या दिवशी सगळीच मुलं खूश असतात, त्यावरून काही कळत नाही. तालमीचा दहावा-बारावा दिवस बघायचा असतो. तो घरच्या घरी थोडासा उभा करता येतो. आठ-दहा ओळींचा एखादा संवाद घ्या, पाठ्यपुस्तकातला चालेल. समजा आजी आणि नात यांचा आहे. मुलीला आजी करा. पहिल्या दिवशी तिला हवं तसं म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी तिला सांगा की वाक्यं तीच, पण आजीचा चष्मा हरवलाय आणि ते तिला कुणाला कळू द्यायचं नाहीये. तिसऱ्या दिवशी भूमिकांची अदलाबदल. चौथ्या दिवशी एकही शब्द न बोलता फक्त हालचालींनी. रोज पंधरा मिनिटं, पाहुणे नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत.

जिला दुसरं कुणी बनायचंय ती दुसऱ्या दिवशी तुम्ही न सांगता डोळे बारीक करेल, नातीचा आवाज कुठून येतोय तिकडे कान देईल, पोळीऐवजी रुमालच उचलेल. ही भर घालणं सगळ्यात महत्त्वाचं, ते दिसलं की वहीत लिहून ठेवा. टाळ्यांची ओढ असलेली मुलगी प्रत्येक वाक्यानंतर तुमच्या तोंडाकडे बघेल. कंपू हवा असलेली धाकट्या भावाला ओढून आणेल आणि त्याला वाक्यं शिकवण्यातच रमेल. आणि पाठांतरवाली दुसऱ्याच दिवशी कुरकुर करेल, ‘काल तर असं नव्हतं!’

यात मोठ्यांची एक चूक हमखास होते. ते वाक्य म्हणून दाखवतात, ‘असं म्हण.’ मग मूल अर्थ सोडून तुमची चाल उचलतं. स्नेहसंमेलनातला तो सूर सगळ्यांना ठाऊक आहे : प्रत्येक वाक्याचं शेपूट वर जातं, उजवा हात कोपरापासून उचलला जातो, नजर पहिल्या रांगेवर. त्यावरून मूल नक्कल किती चांगली करतं एवढंच कळतं. म्हणून म्हणून दाखवू नका, विचारा. आजी आत्ता कुठून आली? हातात काय आहे? गुडघे दुखतायत का? दारात कोण आहे, ते तिला आवडतं का?

टाळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. टाळ्या हव्याशा वाटणं हा दोष नाही. जिला प्रेक्षक नकोच आहेत तिनं रंगमंचावर यायचं तरी कशाला? बघायचं एवढंच की टाळ्या काढून घेतल्यावर मागे काय उरतं. पुढच्या नाटकात तिला बॅकस्टेज द्या, खास करून प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंचं टेबल. टेबलावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिलीनं रेघ मारायची, आत नाव लिहायचं : कंदील, पत्र, काठी. पात्र वस्तू घेऊन गेलं की जागा रिकामी दिसते, परत आलं की वस्तू त्याच रेघेत ठेवायची. पहिली घंटा व्हायच्या आधी सगळं मोजायचं. नऊ वर्षांचं मूल हे काम उत्तम करतं आणि त्याला टाळी एकही नसते. तीन आठवडे हे करूनही ती संध्याकाळी चप्पल घालून दारात उभी असेल, तर तिला नाटक आवडतं असं समजायला हरकत नाही. ‘मला कधी मिळणार?’ असं रोज विचारत असेल तरी बिघडलं नाही, फक्त ओढ कशाची आहे ते कळलं.

गप्प बसणाऱ्या मुलांनाही स्टेज हवं असतं आणि आईवडील चकित होतात. कारण साधं आहे. चारचौघांत आता काय बोलू हे दर वेळी ठरवावं लागतं, नाटकात वाक्यं आधीच ठरलेली असतात आणि ती बोलायची पाळी कधी येणार तेही माहीत असतं. अडखळत बोलणारी काही मुलं भूमिकेत शिरल्यावर सलग बोलतात तीही याच जातीची गोष्ट. अशा मुलाला ‘तू तर लाजाळू, तुला कसं जमणार’ असं म्हणून हातातलं काढून घेऊ नका.

रील्सवरून अंदाज बांधू नका. त्यात आवाज दुसऱ्याचा, लांबी पंधरा-वीस सेकंद, बिघडलं की पुसून पुन्हा. समोरच्याचं ऐकून उत्तर देणं त्यात कुठेच नाही, आणि अभिनयाचा निम्मा भाग तर ऐकण्यातच असतो.

पाटीपेन्सिल :

मुलांच्या समुपदेशनाच्या बाजूनं लिहिते.

‘का?’ हा प्रश्न या वयाला कठीण जातो. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेऊन मुलं उत्तर देतात. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा : ‘त्या दिवशी कुठला भाग पुन्हा करावासा वाटला? कंटाळा कधी आला? सगळ्यात भीती कधी वाटली?’ समोरासमोर बसवून विचारू नका. मटार सोलताना किंवा स्कूटरवर मागे बसलेली असताना, म्हणजे डोळ्याला डोळा नसतो तेव्हा, मुलं जास्त खरं बोलतात.

याहून नेमकं काही हवं असेल तर चिठ्ठ्या करा. दहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर कामाचा एक तुकडा, सगळ्या एकाच शाईत : दुसरंच कुणी बनणं, वाक्यं पाठ करणं, तेच तेच पुन्हा करणं, तयार होऊन खूप वेळ थांबणं, मेकअप आणि कपडे, टाळ्या, टीव्हीवर दिसणं, नव्या मुलांबरोबर काम, शाळा बुडणं, आई दिवसभर सोबत असणं. तीन वाट्या ठेवा, ‘आवडेल’, ‘चालेल’, ‘नको’. तिलाच वाचू द्या आणि टाकू द्या. तुम्ही वाचून दाखवलंत तर ‘शाळा बुडणं’ वाचताना तुमचा आवाज बदलतोच आणि ती चिठ्ठी कुठल्या वाटीत टाकायची ते तिला लगेच कळतं. त्या वेळी आजी आणि भाऊ खोलीत नकोत. वाट्यांचा फोटो काढून ठेवा आणि दोन आठवड्यांनी, मध्ये विषय न काढता, पुन्हा करा. दोन्ही वेळा ज्या चिठ्ठ्या जागच्या जागी राहिल्या त्या धरा, ज्यांनी वाटी बदलली त्यांच्यावर बोला.

शेवटची चिठ्ठी मुद्दाम घातली आहे. आई नोकरी करत असेल किंवा घरात नवं बाळ आलं असेल तर शूटिंगचा अर्थ ‘आई दिवसभर माझी’ असाही होऊ शकतो. ती गरज खरी असते, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

बक्षिसांबद्दल सावध राहा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच पेन पुन्हा ठेवले, तेव्हा बक्षीस आधी कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. नुकसान झालं ते आधी घातलेल्या अटीनं. ‘छान केलंस तर सायकल’ असं कबूल करू नका. झाल्यावर सराफ्यात नेऊन गरम जिलबी खाऊ घातलीत तर काही बिघडत नाही. रील टाकून लाइक्स मोजत बसणं हेही आधी कबूल केलेलं बक्षीसच आहे, तेव्हा तो फोन आधी बाजूला करा.

शाबासकी देताना ‘तू स्टारच आहेस’ म्हणू नका. एखादी बारीक गोष्ट धरून बोला : ‘काठी टेकायच्या आधी तू क्षणभर थांबलीस, तेव्हा ती आजीच वाटली.’ ‘स्टार’ म्हटलेलं मूल पुढच्या वेळी स्टारपद जाऊ नये म्हणून सोपं तेवढंच निवडतं.

कॉलशीट :

कॅमेऱ्याच्या कामाबद्दल लिहितो, कारण नाटक आवडणाऱ्या मुलाला शूटिंग आवडेलच असं नसतं.

जाहिरातीत दूध पिण्याचा एक शॉट घ्या. आधी लांबून, मग जवळून, मग आईच्या खांद्यावरून. दर वेळी ग्लास त्याच हातात, त्याच शब्दाला उचललेला, तितकाच भरलेला. यालाच कंटिन्युइटी म्हणतात. बिस्किटाचा शॉट असेल तर शेजारी बादली असते, चावायचं आणि ‘कट’ झालं की थुंकायचं, कारण वीस टेकची बिस्किटं कुठलंच पोट घेणार नाही. मधला वेळ थांबण्यात जातो. दिवे बदलतात, ढग येतो, कुणाचा माइक वाजत नाही. रोजच्या मालिकेत तर सीन बहुतेकदा त्याच दिवशी हातात पडतो.

याची चव घरी द्या. रविवारी नऊला केस विंचरून, ठरलेले कपडे घालून तयार. मग दीड तास थांबायचं, फोन नाही, टीव्ही नाही, कपडे मळवायचे नाहीत. मग ग्लास उचलून एक वाक्य म्हणायचा शॉट पंधरा वेळा. दुधाऐवजी दोन घोट पाणी ठेवा. ‘नको वाटलं की थांबायचं, कुणी रागावणार नाही’ हे सुरुवातीलाच सांगून ठेवा. पहिले चार-पाच टेक मजेत जातात, आठव्या-नवव्याला खरं काय ते बाहेर येतं. तिथे ती काय विचारते ते ऐका. ‘मी कशी दिसत होते?’, ‘आता वेगळं करून बघू का?’ आणि ‘झालं का?’ ही तीन वेगवेगळ्या मुलांची वाक्यं आहेत.

आता कोऑर्डिनेटर. पैसे भरू नका. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. काम देणारा माणूस त्याचं कमिशन काम झाल्यावर कामाच्याच पैशातून कापून घेतो. जाहिरातीचे पैसेही बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांनी येतात, तेव्हा ‘पहिल्याच कामात वसूल’ या बोलण्यावर जाऊ नका. पंचवीस हजारांच्या पोर्टफोलिओची मुलांना गरजच नसते, कारण तीन महिन्यांत दात पडतो, चेहरा बदलतो. फोनवर चार फोटो काढा : जवळून हसरा, जवळून न हसता, पूर्ण उंचीचा, बाजूनं. मेकअप नको. पहिली फेरी आता बहुतेकदा व्हिडिओवरच होते. फोन आडवा, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी तिच्या समोर (पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो), मागे साधी भिंत. नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू, मग संवाद. समोरची वाक्यं वाचणाऱ्यानं कॅमेऱ्याला चिकटून उभं राहायचं आणि हळू वाचायचं. दहा मिनिटांच्या ऑडिशनसाठी अवंतिका एक्स्प्रेसनं जाऊन-येऊन दोन रात्रींचा प्रवास करायचा असेल तर आधी व्हिडिओवरून निवड झालीय का ते विचारून घ्या.

कायदाही माहीत असू द्या. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, २०१७ ला नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांच्या वर काम नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी निर्मात्यानं घ्यायची असते, म्हणजे मुंबईत शूटिंग असेल तर इंदूरच्या कलेक्टर कचेरीत खेटे घालायचं कारण नाही. मुलांची काळजी घ्यायला पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते, ती सज्ञान झाल्यावर त्याला मिळते. बाकीची रक्कम आईवडिलांच्या खात्यात मिसळू नका. मुलाच्या स्वतःच्या कलेची कमाई करासाठी पालकांच्या उत्पन्नात धरत नाहीत, म्हणून मुलीचं पॅन आणि वेगळं खातं काढणं सोयीचं पडतं.

तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं कलम तर वेगळंच आहे. मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय त्याला कामात घेता येत नाही, असं नियमातच लिहिलंय. सेटवर मुलीनं ‘नको’ म्हटलं तर तिच्या बाजूनं उभं राहणारं माणूस तुम्हीच, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.

रामबागवाली_आई :

सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्या दोनदा करून झाल्या. ‘दुसरंच कुणी बनणं’ आणि ‘नव्या मुलांबरोबर काम’ दोन्ही वेळा ‘आवडेल’मध्ये. ‘तेच तेच पुन्हा करणं’ दोन्ही वेळा ‘नको’. ‘टीव्हीवर दिसणं’ फक्त ‘चालेल’मध्ये गेलं, याचं आश्चर्य वाटलं. ‘शाळा बुडणं’ पहिल्यांदा ‘नको’त होतं, दुसऱ्यांदा ‘आवडेल’मध्ये गेलं. याची काळजी करावी का? चष्मा हरवलेली आजी केली तेव्हा तिनं स्वतःहूनच चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

पाटीपेन्सिल :

आधी तारीख बघा. दुसऱ्या चिठ्ठ्या रविवारी संध्याकाळी किंवा युनिट टेस्टच्या आठवड्यात टाकल्या असतील तर फार अर्थ काढू नका. तसं नसेल तर मधल्या दोन आठवड्यांत शाळेत काय बदललं ते शोधा : बाकाची जागा, मैत्रीण, बस, एखादी शिक्षिका. वर्गशिक्षिकेला ‘कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर डबा खाते?’ असं विचारा. तिसऱ्यांदा चिठ्ठ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत टाका. शाळाच नसताना टीव्हीचा घोषा आपोआप थंडावला तर त्यात शाळा मोठी होती, तिकडे लक्ष द्या.

विंगेतून :

मीठ! ताई, ते वहीत लिहून ठेवा. चष्म्याची गोष्ट तुम्ही दिलीत, पण मीठ तिचं तिनं शोधलं.

तुमच्या वाट्या बघता आत्ता कॅमेरा नको, बालनाट्य हवं. तालमीतही तेच पुन्हा असतं, पण समोरचा रोज थोडं वेगळं बोलतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून अशा मुलांना ते ‘तेच तेच’ वाटत नाही. इंदुरात मराठी नाटकाचा राबता आहे, सुट्टीत शिबिरंही होतात. शिबिर निवडताना पहिल्या दिवशी छापील संहिता आणि भूमिका वाटून टाकतात का ते विचारा. वाटत असतील तर ते स्नेहसंमेलनच समजा. निदान पहिला आठवडा खेळ, आवाज आणि प्रसंग रचण्यात जायला हवा. एका शिक्षकामागे पंधराच्या वर मुलं असतील तर तुमच्या मुलीच्या वाट्याला पुन्हा चारच वाक्यं येतील. मुलं नेपथ्य हलवतात का, की ते काम मोठेच करतात, हेही विचारा. रवींद्र नाट्यगृहात मोठ्यांचं नाटक बघायला न्याल तेव्हा कडेची खुर्ची घ्या, तिथून विंगेतली हालचाल थोडी दिसते. मध्यंतरात ती नटांबद्दल विचारते की दिवा निळा कसा झाला याबद्दल, ते ऐका.

आणखी एक काम आत्तापासून सुरू करा. हिंदी शाळेतल्या आपल्या मुलांचे सगळे ‘च’ आणि ‘ज’ तालव्य होतात, ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘चार’ आणि ‘चाळ’, ‘जीव’ आणि ‘जाळं’ या जोड्या रोज पाच मिनिटं मोठ्यानं म्हणून घ्या. ‘चाळ’ आणि ‘जाळं’ म्हणताना जीभ दातांच्या मागे लागायला हवी, टाळूला नको. मराठी नाटकात पुढे ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त नडते आणि दहाव्या वर्षाआधी ती सहज सुटते.

कॉलशीट :

कोऑर्डिनेटरला एवढंच लिहून पाठवा : ‘आधी पैसे भरून काम करायचं नाही. निवड झाल्यास निर्मिती संस्थेचं पत्र आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी पाठवा.’ पुन्हा फोन येण्याची शक्यता कमीच.

पाटीपेन्सिल :

आणि मुलीला ‘टीव्ही नाही’ असं सांगू नका, ‘आत्ता नाही’ असं सांगा, आणि पुन्हा कधी बोलायचं तो दिवस पक्का करा. दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरा. सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून तिच्यासमोर बंद करा आणि पाकिटावरची तारीख तिलाच तिच्या अक्षरात लिहू द्या. त्या रविवारी पाकीट उघडायचं मात्र नक्की लक्षात ठेवा.